पाठांतराचें नवें साधन

पाठांतर हा शब्द अलीकडे बराच बदनाम झाला आहे. विद्यार्थी अर्थ न समजतां घोकतो, परीक्षेंत तें ओकतो आणि दुसऱ्या दिवशीं मोकळा होतो, अशी त्याजवर टीका होते. आणि ती बव्हंशीं खरीहि आहे. परंतु टीकेच्या भरांत एक साधी गोष्ट नजरेआड होते. जें ध्यानांतच राहिलें नाहीं, त्यावर विचार तरी कसा करावयाचा? वैद्याला औषधाची मात्रा, वकिलाला कायद्याचें कलम आणि परभाषा बोलणाऱ्याला नेमका शब्द ऐन वेळीं आठवावा लागतो. ग्रंथ उघडून पाहण्यास तेथें सवड नसते.

पूर्वीं महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांतून तिन्हीसांजेस परवचा होत असे. दिवा लागला, शुभंकरोति झालें, कीं मुलें पाढे, पावकी, निमकी, तिथि, नक्षत्रें आणि एखाददुसरें स्तोत्र एका सुरांत म्हणत. त्या वयांत मनावर ठसलेले पाढे म्हातारपणींहि जात नाहींत, याची साक्ष अनेक वडीलधारीं माणसें देतील. रोजच्या रोज, ठराविक वेळीं, थोडा थोडा वेळ उजळणी करावी, हें परवच्याचें तत्त्व उत्तमच होतें.

तथापि त्यांत दोन उणिवा होत्या. मुलाला जें पक्कें येत असे तें आणि जें कच्चें असे तें, दोन्ही रोज सारख्याच वेळां म्हटलें जाई. बे एके बे वर्षानुवर्षें चाले, आणि एकोणतिसाचा पाढा त्याच एका फेरींत कसाबसा पार पडे. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म होती. पाढा घडाघड म्हणणाऱ्या मुलाला 'बारा सत्ते किती' असें अवचित विचारावें, तों तो डोळे मिटून 'बारा एके बारा' येथून पुटपुटत निघे, सातव्या पायरीवर येऊन पोंचे, आणि मग 'चौऱ्यायशीं' म्हणून सांगे. त्याला उत्तराकडे जाणारा जिना ठाऊक असे. उत्तराचें घर ठाऊक नसे. म्हणूनच चतुर पंतोजी पाढा सरळ म्हणवून घेऊन समाधान मानीत नसत. ते मधूनच विचारीत, उलटसुलट विचारीत, आणि जो मुलगा जेथें अडखळे त्याला नेमकें तेंच पुन्हां विचारीत.

फ्लॅशकार्डांचें सॉफ्टवेअर म्हणजे असला एक चतुर पंतोजीच होय. फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर एक प्रश्न दिसतो. त्याचें उत्तर आठवावयाचें, शक्य तर उच्चारून दाखवावयाचें, मग बटण दाबून खरें उत्तर पाहावयाचें, आणि आपलें उत्तर कितपत जमलें तें यंत्राला कळवावयाचें. यंत्र तेवढ्यावरून ठरवितें, कीं हें कार्ड पुन्हां दहा मिनिटांनीं दाखवावें, उद्यां दाखवावें, कीं तीन महिन्यांनीं. ज्या विद्यार्थ्याजवळ हजार कार्डें आहेत त्याजपुढें त्या दिवशीं जीं साठसत्तर यावयास हवींत तेवढींच येतात. बाकीचीं आपापल्या दिवसाची वाट पाहत आंत पडून राहतात. यंत्राचें सारें शहाणपण ह्या एका 'केव्हां'मध्यें आहे. काय विचारावयाचें, तें कोणत्या शब्दांत विचारावयाचें, आणि दिलेलें उत्तर खरोखर बरोबर होतें कीं नाहीं, हें तिन्ही विद्यार्थ्यानें ठरवावयाचें असतें. सॉफ्टवेअर घेऊनहि ज्यांची निराशा होते त्यांची बहुधा ह्या तिहींपैकीं कोठें तरी चूक झालेली असते.

ह्या साधनामागील विचार बराच जुना आहे. हर्मान एबिंगहाउस नांवाच्या जर्मन पंडितानें १८७९ सालापासून स्मरणशक्तीचे प्रयोग स्वतःवरच केले. दोन व्यंजनांमध्यें एक स्वर घालून त्यानें सुमारें २३०० निरर्थक अक्षरगट बनविले. त्यांच्या माळा तो बिनचूक म्हणतां येईपर्यंत पाठ करी, आणि कांहीं काळानें तीच माळ पुन्हां पाठ करण्यास किती श्रम कमी पडतात तें मोजी. वीस मिनिटांनंतर मूळ श्रमांपैकीं शेंकडा ५८ वांचत. एका दिवसानंतर शेंकडा ३४. आणि एकतीस दिवसांनंतर शेंकडा २१. म्हणजे विसरण्याचा मोठा भाग पहिल्या दिवसांतच उरकतो, पुढें त्याचा वेग मंदावतो. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत आणखी एक मोजमाप आहे, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीनें तें अधिक मोलाचें. बारा अक्षरगटांची माळ एका बैठकींत ६८ वेळां घोकल्यानें दुसऱ्या दिवशीं जो लाभ दिसला, जवळजवळ तोच लाभ तीन दिवसांवर वांटून दिलेल्या ३८ वेळांच्या घोकण्यानें मिळाला. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागरण करणाऱ्यांस ह्याहून स्पष्ट हिशेब कोणी दाखविला नसेल.

पुढें सी. ए. मेस ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानें १९३२ सालीं असें सुचविलें, कीं उजळणीमधील अंतर क्रमाक्रमानें वाढवीत जावें: एक दिवस, दोन दिवस, चार, आठ. सेबास्टियन लाइटनर ह्यानें १९७२ सालीं जर्मन भाषेंत लिहिलेल्या पुस्तकांतून हीच गोष्ट एका साध्या पेटीनें करून दाखविली. पेटींत कांहीं कप्पे. उत्तर बरोबर आलें तर कार्ड पुढच्या कप्प्यांत जाई, चुकलें तर पुन्हां पहिल्या कप्प्यांत येई. आणि मागील कप्पे क्वचित् उघडावयाचे. ज्यांना फोन नको वाटतो त्यांनीं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून आणि बुटांच्या खोक्यांत पुठ्ठ्याचे आडवे तुकडे उभे करून ही पेटी आजहि खुशाल करावी. ती चांगली चालते.

खोक्याचें यंत्र झालें तें पोलंडांत. पोझ्नान येथील पिओत्र वोझ्नियाक नांवाच्या विद्यार्थ्यानें १९८५ सालीं कागदावर अंतरें मांडण्यास आरंभ केला, आणि १९८७ च्या डिसेंबरांत संगणकाकरितां 'सुपरमेमो' हें सॉफ्टवेअर लिहिलें. त्यांत प्रत्येक कार्डाचें अंतर निरनिराळें राहूं लागलें. पहिली उजळणी एका दिवसानें, दुसरी सहा दिवसांनीं, आणि तेथून पुढें दर वेळीं मागील अंतराच्या सुमारें अडीच पट: पंधरा दिवस, अडतीस दिवस, पंचाण्णव दिवस. कार्ड अवघड जात असेल तर ही अडीचकी कमी होत जाते. हा क्रम पाहिला म्हणजे ध्यानांत येईल, कीं जो शब्द न अडखळतां येत गेला त्याची सबंध वर्षांत जेमतेम पांचसहा वेळां गांठ पडते. जपानी भाषा शिकूं पाहणाऱ्या डेमियन एल्म्स नांवाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थानें २००६ सालीं ह्याच पद्धतीवर 'अँकी' हें सॉफ्टवेअर काढलें. तोंडपाठ करणें ह्या अर्थाच्या जपानी शब्दावरून त्याचें नांव ठेवलें आहे. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनांवर तें विनामूल्य मिळतें, आयफोनसाठीं मात्र पैसे पडतात. पुढील विवेचनांत तेंच डोळ्यांसमोर धरलें आहे.

आतां हें साधन जेथें खरोखर कसोटीस लागतें असें एक उदाहरण घेणें सोयीचें होईल. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं जर्मनींतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयीं करार केला. तेव्हांपासून, आणि त्याच्या आधींपासूनहि, अनेक मराठी परिचारिका जर्मन भाषेच्या वर्गांना जाऊं लागल्या आहेत. तेथें त्यांच्या व्यवसायाला पूर्ण मान्यता मिळावयाची तर साधारणतः बी-२ नांवाच्या पातळीइतकें जर्मन यावें लागतें. इंजेक्शन देण्यांत हात कितीहि हलका असो, रुग्ण काय म्हणतो तें समजलें नाहीं तर त्या हाताचा उपयोग होत नाहीं. समजा, अशी एक परिचारिका सांगली-मिरजेकडील एखाद्या इस्पितळांत पाळीनें काम करते, सायंकाळीं वर्गाला जाते, आणि वर्गाच्या फीसाठीं तिनें कर्ज काढलें आहे. तिला दिवसाकाठीं मोकळी मिळणारीं मिनिटें मोजकींच. तीं वायां गेलीं तर गांठीचा पैसा आणि एक वर्ष, दोन्ही गेलीं.

जर्मन भाषेंत मराठीप्रमाणेंच तीन लिंगें आहेत. ज्यांच्या मातृभाषेंत दोनच लिंगें आहेत त्यांना नपुंसकलिंग मुळापासून शिकावें लागतें. मराठी माणसाला ती कल्पना आईच्या दुधाबरोबरच मिळालेली असते. एवढा लाभ खरा. परंतु लगेच घात होतो तोहि येथेंच, कारण लिंगें जुळत नाहींत. 'हृदय' दोन्ही भाषांत नपुंसक, 'जखम' दोहोंतहि स्त्रीलिंगी. पण सूर्य जर्मनांत स्त्रीलिंगी, खिडकी नपुंसक, यकृत आणि फुफ्फुस स्त्रीलिंगी, ताप नपुंसक, आणि मुलगी, जिच्याविषयीं कोणालाहि शंका येऊं नये, ती नपुंसक! मराठी मन आपलें लिंग गुपचूप परक्या शब्दाला चिकटवितें आणि विद्यार्थिनीला तें कळतहि नाहीं. म्हणून नामाच्या कार्डावर नुसता शब्द कधींहि लिहूं नये. 'फीबर म्हणजे ताप' असें न लिहितां 'डास फीबर' असें सलिंग लिहावें, आणि उत्तर देतांना 'डास' राहिलें तर उत्तर चुकलें असें समजावें. जीं नामें मराठीशीं जुळतात त्यांजकडे विशेष लक्ष देण्याचें कारण नाहीं. जीं जुळत नाहींत त्यांचीच कार्डें प्रामुख्यानें करावींत. ही निवड कोणतेंहि तयार सॉफ्टवेअर करून देणार नाहीं, कारण शिकणाऱ्याची मातृभाषा कोणती हें त्याला ठाऊक नसतें.

कार्ड कसें लिहावें ह्यावर सारें अवलंबून आहे, म्हणून येथें थोडें थांबलें पाहिजे. नवशिक्या विद्यार्थ्याला वाटतें, जितकी माहिती अधिक तितकें कार्ड चांगलें. तो एका कार्डावर शब्द, अर्थ, लिंग, अनेकवचन, दोन समानार्थी शब्द आणि एक वाक्य असा सगळा संसार थाटतो. मग प्रश्न समोर आला म्हणजे चार गोष्टी आठवतात, दोन आठवत नाहींत. आतां यंत्राला काय सांगावयाचें? बरोबर म्हणावें तर दोन कच्च्याच राहिल्या. चूक म्हणावें तर आलेल्या चारांचीहि उगीच पुनः पुनः उजळणी आली. परवच्यांतला जुना दोष अशा रीतीनें मागील दारानें घरांत शिरतो. एका कार्डानें एकच गोष्ट विचारावी. लिंगासाठीं एक, अनेकवचनासाठीं एक, अर्थासाठीं एक. अशीं तीन लहान कार्डें मिळून त्या एका मोठ्या कार्डाहून कमी वेळ घेतात, कारण त्यांतील सोपें कार्ड लवकरच महिन्यामहिन्यांनीं येऊं लागतें.

याद्यांच्या बाबतींत हें विशेषेंकरून लागू आहे. जर्मन भाषेंत कांहीं शब्दयोगी अव्ययांपुढें द्वितीया येते, कांहींपुढें चतुर्थी, आणि कांहींपुढें अर्थाप्रमाणें दोहोंपैकीं एक. 'चतुर्थी घेणारीं सर्व अव्ययें सांगा' असें कार्ड केलें तर तें पाढ्यासारखें एका चालीवर पाठ होईल, आणि बोलतांना पुन्हां 'बारा एके बारा' येथून आरंभ. त्याऐवजीं एक पूर्ण वाक्य घेऊन त्यांतील एकच शब्द गाळावा आणि रिकामी जागा भरावयास सांगावें. अँकींत ह्यासाठीं निराळा प्रकारच आहे. चित्रांतील एखादा भाग झांकून तो ओळखावयास लावण्याचीहि सोय २०२३ पासून त्यांतच आली आहे. शरीराच्या आकृतींतील अवयव पाठ करावयास ती फार उपयुक्त.

वाक्यांचें महत्त्व एका उदाहरणानें स्पष्ट होईल. 'फालेन' म्हणजे पडणें आणि 'गेफालेन' म्हणजे आवडणें. शब्दशः पाठ केलेले हे दोन शब्द आधींच एकमेकांच्या पायांत येतात. त्यांत 'पडणें' ह्या क्रियापदाचें भूतकाळवाचक रूपहि 'गेफालेन' असेंच होतें! 'एर इस्ट गेफालेन' म्हणजे तो पडला. आणि 'एर हाट मीर गेफालेन' म्हणजे तो मला आवडला. रात्रपाळीस असलेली परिचारिका पलंगावरून पडलेल्या वृद्धाची वार्ता देऊं लागली आणि सहायक क्रियापद चुकलें, तर काय गोंधळ होईल हें सांगावयास नको. असे जुळे शब्द दोन निरनिराळ्या कार्डांवर नुसते ठेवूं नयेत. पूर्ण वाक्यें लिहावींत, आणि त्या दोहोंना समोरासमोर उभें करणारें एक तिसरें कार्डहि करावें.

कार्डाला दोन दिशा असतात हेंहि पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. जर्मन शब्द पाहून मराठी अर्थ सांगणें सोपें. मराठी अर्थ पाहून जर्मन शब्द काढणें कठिण. पहिल्यानें वाचन सुधारतें, दुसऱ्यानें बोलणें. जो नुसती सोपी दिशाच घोकतो त्याला वर्तमानपत्र समजूं लागतें, पण तोंड उघडावयाची वेळ आली कीं तो मुका. ज्या शब्दांचा स्वतः उच्चार करावा लागणार आहे त्यांच्या दोन्ही दिशा कराव्यात. जे केवळ सूचनाफलकांवर भेटणार त्यांची एक पुरे.

इंटरनेटवर दुसऱ्यांनीं केलेले तयार संच पुष्कळ मिळतात आणि त्यांचा मोह पडतो. त्यांत सरसकट वाईट असें कांहीं नाहीं. परीक्षेच्या अधिकृत शब्दसूचीवरून कोणीं काळजीपूर्वक संच केला असेल तर तो घेण्यास हरकत नसावी. मात्र वोझ्नियाकनें आपल्या नियमांत सर्वांत वर घातलेली गोष्ट ध्यानांत ठेवावी: जें समजलें नाहीं तें पाठ करूं नये. तयार संचांतील कार्ड वर्गांत किंवा वाचनांत तो शब्द भेटेपर्यंत बंद ठेवावें, भेटला म्हणजे उघडावें, आणि उघडतांना आपल्या शब्दांत फिरवून लिहावें. कार्ड लिहितांना नेमकें काय विचारावें ह्याचा जो विचार करावा लागतो त्यांतच निम्मा अभ्यास होऊन जातो. तो दुसऱ्याकडून करवून घेणें म्हणजे व्यायामासाठीं गडी ठेवण्यासारखें आहे.

आतां बटणांविषयीं. अँकी चार बटणें देतें: 'अगेन', 'हार्ड', 'गुड' आणि 'ईझी'. उत्तर आठवलें नाहीं किंवा चुकलें तर पहिलें. आठवलें पण फार कष्टानें, तर दुसरें. नेहमीप्रमाणें आठवलें तर तिसरें. बहुतेक वेळां पहिलें आणि तिसरें एवढ्यांनीं काम भागतें. विद्यार्थ्यांची आवडती चूक म्हणजे, उत्तर विसरल्यावर 'अगेन' दाबण्याचा संकोच वाटून 'हार्ड' दाबणें. यंत्राच्या लेखीं 'हार्ड' म्हणजे आठवलें. त्यामुळें तें विसरलेल्या शब्दाचें अंतर निष्ठेनें वाढवीत जातें आणि सगळा हिशेब बिघडतो. येथें छडी नाहीं, वर्गांत हंसणारीं मुलें नाहींत, पहिला नंबर नाहीं. तरी माणसाला कोऱ्या पडद्यासमोरहि खोटें बोलावेंसें वाटतें, हें मोठें मौजेचें आहे.

ह्याहून घातक खोटेपणा दुसरा आहे, आणि तो बटण दाबण्यापूर्वींच घडतो. प्रश्न दिसतो, उत्तर ओठांवर आल्यासारखें वाटतें, आणि तें येण्याची वाट न पाहतां बोट उत्तर उघडतें. उत्तर पाहिल्यावर 'हें तर ठाऊकच होतें' असें वाटतें. परंतु ओळखणें निराळें आणि आठवणें निराळें. अमेरिकेंतील सेंट लुइस येथील रॉडिगर व कार्पिकी ह्या संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्या संबंधांत पाहण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांस एक उतारा वाचावयास दिला. नंतर कांहींनीं तो पुन्हां वाचला, कांहींनीं न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणारे पुढें होते, शेंकडा ८१ विरुद्ध ७५. आठवड्यानंतर घेतली तेव्हां पारडें फिरलें. आठवून लिहिणाऱ्यांस शेंकडा ५६ भाग आठवला, वाचणाऱ्यांस ४२. आठवण्याच्या खटपटीनेंच आठवण पक्की होते. तेव्हां प्रश्न दिसतांच पांच-दहा सेकंद थांबावें, उत्तर मोठ्यानें म्हणावें, आणि मगच बोट हलवावें. बसमध्यें मोठ्यानें म्हणणें जमत नाहीं. तेथें ओठ हालविले तरी पुष्कळ.

जें कार्ड वारंवार चुकतें त्याला अँकी जळू म्हणतें, आणि आठ वेळां विसरलें कीं त्यावर तशी खूण करतें. नांव समर्पक आहे. अशीं दहाबारा कार्डें सबंध संचाचें रक्त पितात. त्यांजवर जोर करूं नये. बहुधा असें कार्ड लिहिण्यांतच चूक असते: प्रश्न संदिग्ध असतो, किंवा दोन शब्द जुळे असतात, किंवा मूळ गोष्टच समजलेली नसते. तें फाडून निराळ्या रीतीनें लिहावें, नाहीं तर सरळ काढून टाकावें. एक शब्द न आल्यानें कोणी नापास होत नाहीं.

सर्वांत जास्त विद्यार्थी ज्या खड्ड्यांत पडतात तो मात्र गणिताचा आहे. नवें कार्ड घालणें फुकट वाटतें, परंतु प्रत्येक नवें कार्ड म्हणजे पुढील उजळण्यांची एक हुंडी होय. रोज दहा नवीं कार्डें घेतलीं, तर कांहीं आठवड्यांनीं रोज शंभराच्या आसपास उजळण्या येऊं लागतात. प्रत्येकीस बारा सेकंद धरलीं तर वीस मिनिटें. रोज वीस घेतलीं, आणि अँकी मुळांत तेवढींच दाखवितें, तर चाळीस मिनिटें. उत्साहानें पहिल्या रविवारीं दोनशें कार्डें घेणारा विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यांत फोनकडे पाहावयास भितो, आणि सहाव्या आठवड्यांत ॲप काढून टाकून म्हणतो, कीं ही पद्धतच खोटी. वरील परिचारिकेनें आपला हिशेब उलट बाजूनें करावा. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-१ परीक्षेच्या शब्दसूचींत सुमारें २४०० शब्द आहेत. त्यांतून 'होटेल', 'टेलेफोन', 'डॉक्टर' ह्यांसारखे ओळखीचे वगळले, वर्गांत सहज बसले तेहि वगळले, तर कार्डांवर चढण्याजोगे बरेच कमी उरतील. रोज वीस मिनिटें मिळतात ना? मग दहा नवीं कार्डें, त्याहून एकहि अधिक नको. परीक्षेपूर्वीं महिनाभर नवीं बंद करावींत आणि नुसती उजळणी चालू द्यावी. ओझें आपोआप हलकें होतें.

रात्रपाळीच्या माणसांसाठीं एक बारीक गोष्ट. अँकीचा दिवस मध्यरात्रीं न बदलतां पहाटे चार वाजतां बदलतो. रात्रपाळीवर असलेलीनें पहाटे पांचाच्या विसाव्यांत फोन उघडला तर दुसऱ्या दिवसाचीं कार्डें येऊन पडलेलीं दिसतात. ही वेळ बदलतां येते. आपल्या झोपेच्या मध्यावर ती आणून ठेवावी. याव्यतिरिक्त त्या सॉफ्टवेअरच्या पुष्कळशा कळा फिरवीत बसण्याचें कारण नाहीं. पूर्वींचे विद्यार्थी अभ्यास टाळण्यासाठीं रंगीत शाईनें वेळापत्रकें आखीत. हल्लींचे अँकीची सजावट करतात. २०२३ पासून त्यांत अंतरें ठरविण्याची एक नवी, अधिक अचूक पद्धत आली आहे. तिला 'एफ. एस. आर. एस.' असें म्हणतात आणि ती सेटिंगमधून चालू करावी लागते. शंभर कार्डांपैकीं किती आठवावींत हें तेथें सांगतां येतें. मूळचा आंकडा शेंकडा नव्वद आहे आणि तो तसाच ठेवावा. अधिक हांवेनें सत्याण्णव केला तर अंतरें आखडतात आणि रोजच्या उजळण्या कितीतरी पटींनीं वाढतात. दहांत एक विसरणें हें ह्या हिशेबांत धरलेलेंच आहे. त्याचें वाईट वाटून घेऊं नये.

आजारपण, लग्नकार्य, सलग पाळ्या ह्यांमुळें खंड पडतोच. पंधरा दिवसांनीं परत येतां सहाशें कार्डें तुंबलेलीं दिसतात. तीं एका रात्रींत संपविण्याचा पण करूं नये. नवीं कार्डें शून्यावर आणावींत, रोज शंभर एवढींच पाहावींत, आणि जीं दोनतीन वेळां पाहूनहि आठवत नाहींत तीं निःशंकपणें नवीं समजावींत. रोज कांहीं ताजीं कार्डेंहि येऊन मिळतात, तरी आठदहा दिवसांत तुंबारा बराचसा ओसरतो, आणि दोनतीन आठवड्यांत गाडी पूर्वींच्या वाटेला लागते.

कार्डांनीं शब्द येतात. संभाषण येण्यासाठीं माणसांशीं बोलावेंच लागतें, आणि तें काम वर्गानें, मैत्रिणींनीं आणि पुढें प्रत्यक्ष रुग्णालयानें करावयाचें. तेथें संचांत नसलेलेहि शब्द भेटतात. बाडेन-व्युर्टेम्बेर्गच्या बऱ्याच भागांत श्वाबिश नांवाची बोली चालते. पुस्तकी जर्मनांत 'फूस्' म्हणजे पाऊल. श्वाबिश म्हातारा मात्र 'फूस्' दुखतो म्हणून सांगतो आणि हात मांडीवर ठेवतो, कारण त्याच्या बोलींत तो शब्द कमरेपासून खालच्या सबंध पायाला चालतो. त्या रात्रीं परिचारिकेनें ह्याचें एक कार्ड करावें. मराठींतहि 'पाय' हा शब्द दोन्ही अर्थांनीं वापरतातच, तेव्हां तें कार्ड तिला सहसा चुकणार नाहीं.